हलक्या सुरांचा मे

मे महिना आला की माझी क्लॅरिनेट रुसते. तिच्या तोंडाशी बोरूची एक पातळ पट्टी असते, रीड म्हणतात तिला. ओठांत धरून फुंकलं की ती थरथरते आणि सूर निघतो. परळच्या हवेतली मेमधली सगळी ओल ही पट्टी पिऊन घेते, फुगते, मऊ पडते, आणि वरचा सा लावायला जावं तर बदक ओरडल्यासारखं काहीतरी बाहेर येतं. परवा संध्याकाळी गॅलरीत रियाजाला बसले तेव्हा तसंच झालं. खालून कोणीतरी हसलं. मी पट्टी काढली, रुमालाने पुसत बसले, आणि तो दुसरा मे आठवला. युद्धाचा.

आमचा वाद्यवृंद म्हणजे पंधरा-सोळा माणसं. दोन-चार व्हायोलिनं, बासरी, मेंडोलिन, तबला, एक अ‍ॅकॉर्डियन आणि माझी क्लॅरिनेट. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी शाळेत शिकवणारं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. पोटासाठी वाजवणारं कोणी नाही. आमचे प्रमुख नार्वेकर सर. उभी हयात शाळेत मुलांना संगीत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता जरा मोठ्यांना शिकवून बघतो. मे महिन्यातल्या दर शनिवारी संध्याकाळी परळच्या एका बागेत आम्ही वाजवायचो. तिकीट नाही, पास नाही. बागेच्या मधोमध दगडी गोल चौथरा आहे, वर लोखंडी छत्री. त्या छत्रीखाली आम्ही अर्धवर्तुळात बसायचो. नोटेशनचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचो.

वाजवायचो ते सगळं हलकंफुलकं. जुनी भावगीतं, कोळीगीतांच्या चाली, एखादं फिरंगी वळणाचं नाचाचं गाणं, आणि सरांनी स्वतः बांधलेल्या लहान लहान धुना. त्यातली एक होती टांग्याची. व्हायोलिनवर रस्ता, बासरीवर वारा, आणि तबलेवाले काका नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटून घोड्याच्या टापा काढायचे. मुलं वेडी व्हायची त्या टापांना. एकदा एक शास्त्रीय गाणारे गृहस्थ सरांना म्हणाले, "नार्वेकर, तुमचा हात चांगला आहे, जरा गंभीर काहीतरी करा." सर हसले. नंतर आम्हाला म्हणाले, "गंभीर व्हायला काय लागतं? भुवया आवळल्या की झालं. हलकं वाजवायचं तर मनगटातून मीपणा काढावा लागतो."

ऐकायला यायची ती माणसं मला अजून जशीच्या तशी दिसतात. सुट्टीतली पोरं, बर्फाचा गोळा चोखत. चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या आणि लिफ्टची अजून सवय न झालेल्या बायका. ड्यूटी संपवून आलेल्या नर्सेस, चपला काढून गवतात पाय सोडून बसलेल्या. आणि पेशंटांचे नातेवाईक. आमचा सगळा भागच हॉस्पिटलांचा. कुठून कुठून माणसं येतात, उपचार महिनोन्महिने चालतात, जवळची माणसं फुटपाथवर नाहीतर धर्मशाळेत दिवस काढतात. शनिवारी ती बागेत येऊन बसायची. टाळ्या वाजवायची नाहीत. हातात एक्स-रेची मोठी पाकिटं धरून नुसती बसायची. एखादीचे डोळे मिटलेले असायचे आणि पायाचा अंगठा मात्र तालात हलत असायचा.

त्या वर्षी पहिला शनिवार झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात युद्ध सुरू झालं.

सकाळी उठलो तर सगळ्यांचे मोबाइल एकाच बातमीने भरलेले. सीमेवर मारा चालू होता. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या यायच्या तशा येत होत्या, पण जो तो फोनकडे बघत होता. दुपारी सायरनची चाचणी झाली. तो आवाज मी आधी कधी प्रत्यक्ष ऐकला नव्हता. आधी पोटात खोल सुरू होतो, मग चढत चढत कानामागे जाऊन बसतो. कॉरिडॉरमधली एक म्हातारी बाई पदर डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. "प्रॅक्टिस आहे आजी, प्रॅक्टिस," असं वॉर्डबॉय सांगत होता, पण त्याचाही आवाज उतरला होता. संध्याकाळी ठरावीक वेळ दिवे घालवायचे, खिडक्यांना पडदे लावायचे. जाहिरातींचे मोठे फलक काळे झाले. दादरच्या पुलावरून पाहिलं तर शहर आपलं वाटेना. ओळखीच्या माणसाने चष्मा काढला की वाटतं तसं वाटत होतं.

आमच्या घरी काळोखाची एक गोष्ट सांगितली जायची. ती तेव्हा आठवली. माझे वडील, आप्पा, गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत पुढच्या रांगेत असायचे, पांढरा सदरा, निळा फेटा. मी अगदी तान्ही असताना एक युद्ध झालं होतं. चाळीच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, कंदील टेबलाखाली. मी रडायची थांबत नव्हते म्हणून आप्पांनी त्या काळोखात क्लॅरिनेट काढली आणि अगदी हळू वाजवायला लागले. सगळी चाळ आपापल्या दारात येऊन ऐकत बसली. दिव्यांवर लक्ष ठेवणारा स्वयंसेवक जिना चढून वर आला आणि म्हणाला, "काय चाललंय? वरून हुकूम आहे." आप्पा म्हणाले, "हुकूम दिवे घालवायचा आहे. गप्प बसायचा नाही." तो माणूस थोडा वेळ उभा राहिला, मग तोही जिन्याच्या पायरीवर बसला म्हणे. आई ही गोष्ट सांगताना दर वेळी आप्पांकडे बघायची, आणि आप्पा दर वेळी तंबाखूची डबी शोधायला लागायचे.

गुरुवारी आमच्या ग्रुपवर मेसेज आला. मेंडोलिन वाजवणाऱ्या आमच्या चिटणीसांनी लिहिलं होतं: सद्य परिस्थितीत शनिवारचा कार्यक्रम रद्द. मंगलताईंच्या भावना लक्षात घेऊन हा निर्णय घेतला आहे. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली.

मंगलताई म्हणजे आमची अ‍ॅकॉर्डियन. मूळच्या मालवणकडच्या, सरकारी कचेरीत नोकरी, राहायला अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत. यजमान लवकर गेले. एकच मुलगा, ओंकार, तो फौजेत, आणि त्या दिवसांत नेमका सीमेवर. त्याचा फोन लागत नव्हता हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

मी सरांना फोन केला. "सर, ताईंना विचारलं का?"

"नाही गं. कसं विचारायचं? कोणत्या तोंडाने?"

"त्यांचं नाव घालून लिहिलंय मेसेजमध्ये."

सर म्हणाले, "लोकही बोलतील, सुजाता. तिकडे पोरं जिवावर उदार झालीत आणि इथे आपण करवंट्या वाजवतोय."

त्यांचं चुकत होतं असं नाही. मलाही तेच वाटून गेलं होतं. पण शुक्रवारी सकाळी लॅबच्या खिडकीपाशी जळगावकडची एक बाई आली. तिच्या नवऱ्याचे रिपोर्ट न्यायला ती नेहमी यायची, म्हणून तोंडओळख होती. गेल्या शनिवारी ती बागेत अगदी पुढे बसलेली मी पाहिली होती. रिपोर्ट घेतला, घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "बाई, उद्या वाजवणार ना तुम्ही? यांना खुर्चीवर बसवून आणायचं म्हणते. डॉक्टरांनी हो म्हटलंय."

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

"का हो?"

"युद्ध चालू आहे ना."

तिने मान हलवली. "हां, ते आहेच," म्हणाली. आणि मग, अगदी साधेपणाने, "पण यांचं पुढच्या शनिवारचं काही सांगता येत नाही."

ती गेली. मी दुपारी लवकर निघाले आणि सरळ अँटॉप हिल गाठलं.

मंगलताईंच्या घराचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात त्या कोलंबी सोलत बसल्या होत्या. फोन समोर, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा ठेवलेला, वाजला तर लगेच दिसावा म्हणून. मला बघून म्हणाल्या, "ये गो. बस. चहा ठेवते."

"फोन?" मी विचारलं.

"नाही अजून."

त्यांनी सोललेली कोलंबी वाडग्यात टाकली. बोटं सराईतपणे चालत होती, पण चेहरा झोप न झालेल्या माणसाचा. मी म्हटलं, "ताई, ग्रुपवरचा मेसेज..."

"वाचला." त्यांनी हात पुसले. घरात रागावल्या की त्या मालवणीत शिरायच्या, बाहेर कधी नाही. तेव्हा शिरल्या. "माझो झील मेलो नाय हा, सुजाता. सुतक कोणाचा धरलात तुम्ही?"

त्यांनी कोलंबीचा वाडगा बाजूला सारला.

"माझ्या भावना म्हणे लक्षात घेतल्या. कोणी विचारल्या मला? तीन दिवस जो येतो तो माझ्याकडे मयताला आल्यासारखा बघतो. वाणी पैसे घेताना डोळे खाली घालतो. शेजारीण पोळ्या करून आणते. अगो, मला हात आहेत. हा फोन वाजत नाही तोवर मला काय करायचं ते मी करते आहे. घर झाडते. मासे आणते. कचेरीत जाते. शनिवारी वाजवते. त्यातला शनिवार तुम्ही माझ्याकडून काढून घेतलात, आणि वर माझंच नाव लावलंत त्याला."

भिंतीवर ओंकारचा गणवेशातला फोटो होता, त्याच्या बाजूला लहानपणचा. लहानपणच्या फोटोत तो आमच्याच बागेत उभा होता, दोन हातांत दोन करवंट्या. तालमीला आई यायची तेव्हा तो मागे मागे यायचा आणि तबलेवाल्या काकांच्या बाजूला बसून टापा काढायचा, ते मला आठवलं.

"टांगा वाजवायचा," मंगलताई म्हणाल्या. "पहिलाच. सरांना सांग. त्यांना माझ्याशी बोलायला भीती वाटत असेल तर तू सांग."

मी त्यांच्या समोरच सरांना फोन लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. काय बोलणं झालं ते मला एका बाजूनेच ऐकू आलं. "हो सर. नाही सर. रडणार नाही, आणि रडले तरी भाता माझ्या हातात आहे, तो नाही थांबणार." मग थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग उजेडात वाजवू."

झालं होतं असं, की बागेत लाउडस्पीकर लावायची परवानगी रद्द झाली होती, आणि अंधार पडायच्या आत बाग रिकामी करायची होती. माइक नाही, दिवे नाहीत, संध्याकाळ नाही. उरली ती मेमधली उतरती दुपार. ज्या वेळी कावळासुद्धा झाडाच्या आत जाऊन बसतो, ती वेळ आमच्या वाट्याला आली.

शनिवारी दगडी चौथरा तव्यासारखा तापला होता. आम्ही ओल्या सतरंज्या अंथरल्या. व्हायोलिनच्या तारा घामाने आणि दमटपणाने उतरत होत्या, लावल्या की परत उतरत होत्या. दोघं जण आले नाहीत. चिटणीस आले, मंगलताईंपाशी गेले आणि म्हणाले, "ताई, माझा तसा हेतू नव्हता." ताई म्हणाल्या, "माहीत आहे. मेंडोलिन लावा. बेसूर आहे तुमची." त्यावर सगळे हसले.

मला वाटलं होतं कोणी येणार नाही. पण आवाज वाढवायला यंत्र नाही असं कळल्यामुळे असेल, माणसं नेहमीपेक्षा जवळ येऊन बसली. अगदी चौथऱ्याच्या कडेला गुडघे टेकून. नर्सेस आल्या. मुलं आली. जळगावची बाई नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. माणूस नुसता सांगाडा, डोक्याला रुमाल, पण शर्टाला कडक इस्त्री. तिने खुर्ची सावलीत लावली आणि चाकाखाली विटेचा तुकडा सरकवला.

आम्ही सुरुवात करणार इतक्यात फाटकाकडून एक माणूस आला. पांढरा शर्ट, कपाळावर नाम, बरोबर मोबाइल वर धरून दोन तरुण. चौथऱ्यापाशी येऊन तो मोठ्याने म्हणाला, "कोण आहे इथला मुख्य?"

सर उभे राहिले. "मी."

"लाज वाटते का काही? तिकडे जवान रक्त सांडतायत आणि इथे तुमचा तमाशा चाललाय."

"तमाशा नाही, वाद्यवृंद," सर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. कापत होता, पण ते बसले नाहीत.

"मग वीरश्रीचं काहीतरी वाजवा. देशाचं वाजवा. काय वाजवणार आहात?"

सर म्हणाले, "टांगा."

"काय?"

"टांग्याची धून आहे. घोडा, रस्ता, वगैरे."

तरुणांपैकी एक जण फस्सकन हसला. पांढऱ्या शर्टवाल्याचा चेहरा लाल झाला. तेव्हा मंगलताई उठल्या. अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर होते, त्या जड पेटीसकटच उठल्या आणि चौथऱ्याच्या कडेपर्यंत आल्या.

"तुमच्या घरचं कोण आहे तिकडे?" त्यांनी विचारलं.

"सगळे जवान आमचेच आहेत, बाई."

"असतील. त्यातल्या एकाला मी जन्म दिला. पाच दिवस त्याचा फोन नाही. तो लहान असताना ह्याच चौथऱ्यावर बसून ह्याच धुनेला करवंट्या वाजवायचा. आज मी ती वाजवणार. तुम्हाला बसायचं तर बसा, सावली आहे. नसेल बसायचं तर बाजूला व्हा, मागच्यांना दिसत नाही."

तो माणूस बसला नाही. गेलाही नाही. हात बांधून कडुनिंबाखाली उभा राहिला. मोबाइल धरलेल्या तरुणाचा हात मात्र हळूहळू खाली आला.

सरांनी मान हलवली आणि आम्ही सुरू केलं. माइकविना वाजवताना कळलं की इतकी वर्षं आपण एकमेकांना नीट ऐकलंच नव्हतं. व्हायोलिनचा गज तारेला लागतो तो बारीक खरखरीत श्वास, बासरीवाल्याचा ओठ सुटतो तो फट असा आवाज, अ‍ॅकॉर्डियनच्या भात्याची उघडमीट, सगळं कानाशी. माझी रीड फुगली होती आणि मधला एक सूर मी साफ चुकले. काकांनी करवंट्या वाजवायला घेतल्या. टक टक, टक टक. मुलांत हसू पसरलं. खुर्चीतल्या त्या माणसाने दोन बोटं खुर्चीच्या दांडीवर आपटायला सुरुवात केली.

आणि सायरन वाजला.

चाचणी होती की खरंच काही, कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशीची वेळ आधी जाहीर झाली नव्हती, निदान आमच्यापर्यंत तरी आली नव्हती. धून जागच्या जागी तुटली. लोक उठले. एक मूल रडायला लागलं. सर शाळामास्तरच शेवटी, आवाज चढवून म्हणाले, "कोणी पळायचं नाही. झाडांखाली, भिंतीपाशी. मुलं आत, मोठी माणसं बाहेर." आम्ही वाद्यं छातीशी धरून खाली उतरलो. पांढऱ्या शर्टवाल्याने, हे मला सांगितलंच पाहिजे, विटेचा तुकडा पायाने उडवला आणि ती चाकाची खुर्ची स्वतः ढकलत भिंतीपाशी आणली. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून बसलो. सायरन चढला, उतरला, पुन्हा चढला. माझ्या बाजूला मंगलताई होत्या. त्यांनी फोन बाहेर काढला नाही. अ‍ॅकॉर्डियनच्या पांढऱ्या पट्ट्यांवर त्यांची बोटं न दाबता फिरत होती. तीच धून, मुकी.

भीती वाटली का? वाटली. पुष्कळ वाटली. त्या आवाजाला काय हवं असतं ते मला तिथे भिंतीपाशी बसून कळलं. आपण लहान व्हावं, अंग चोरावं, आपल्या मनात दुसरं काही उरू नये, एवढंच त्याला हवं असतं. आणि माझ्या मनात तर, घामाने निथळत असताना, आपण चुकलो तो मधला सूर कोणता याचा हिशेब चालू होता. मला हसू आलं. आप्पा असते तर त्यांनाही आलं असतं.

एक लांब सरळ सूर वाजला आणि सायरन थांबला. फाटकावरचा वॉचमन फोन कानाला लावून हात हलवत ओरडला, "सराव होता, सराव." माणसांनी श्वास सोडला. काही जण पिशव्या गोळा करून निघाले, त्यांना कोणी अडवलं नाही. आम्ही सरांकडे पाहिलं. ते चौथऱ्याच्या पायऱ्या चढत होते, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक. वर पोचल्यावर कागदाचा चिमटा नीट केला आणि म्हणाले, "घोडा जिथे थांबला होता, तिथून."

पहिल्यापासून नाही, तिथून. त्या क्षणी आमच्यातला प्रत्येक जण किती ताठ बसला ते मला अजून जाणवतं. काकांनी करवंट्या उचलल्या. टक टक, टक टक. बागेत उरलेली माणसं परत कडेला येऊन टेकली. पांढऱ्या शर्टवाला दुसरी धून होईपर्यंत उभा होता, मग निघून गेला. टाळी वाजवली नाही त्याने. मलाही ती अपेक्षित नव्हती. उजेड कलेपर्यंत आम्ही एकामागून एक सगळी हलकी गाणी वाजवली, लग्नाची, लाजण्याची, होडीची, पावसाची वाट बघण्याची. मंगलताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि भाता थांबला नाही.

पुढच्या काही दिवसांत युद्ध थांबलं. ओंकारचा फोन त्यानंतरच्या रविवारी आला. मंगलताईंनी ग्रुपवर एवढंच लिहिलं: बोलला, बरा आहे, जेवला. जळगावची बाई मला त्यानंतर भेटली नाही. लॅबच्या संगणकात तिच्या नवऱ्याचं नाव टाकून पाहता आलं असतं. नाही पाहिलं.

ओंकार हिवाळ्यात रजेवर आला आणि आईला सोडायला तालमीला आला. त्या दिवसांबद्दल तो काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. कोणीतरी त्याला हार घालायची तयारी करून आलं होतं. त्याने हात जोडून नको म्हटलं. मग चहा पिता पिता हळूच विचारलं, "आई म्हणते तुम्ही तेव्हा टांगा वाजवलात. खरंच?"

सर जरा ओशाळले. "हो रे. तुझ्या आईचा हट्ट."

तो कपात बघत राहिला. "बरं केलंत," म्हणाला. "तिकडे असताना वाटतं, परत जाऊ तेव्हा सगळं तसंच असलं पाहिजे. म्हणजे कोणीतरी इकडे नेहमीसारखं वागत होतं."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी आमच्याकडे एक निमंत्रण आलं. विभागातल्या एका मोठ्या मंडळाला विजयाचा सोहळा करायचा होता. मोठं व्यासपीठ, रोषणाई, आवाजाची उत्तम व्यवस्था. वाद्यवृंद आमचा, गाणी त्यांची. मधोमध मंगलताईंचा सत्कार, वीरमाता म्हणून. निरोप घेऊन आलेले गृहस्थ सभ्य होते. ते हेही म्हणाले की त्यांचा शब्द चालतो, बागेतला चौथरा दर मे महिन्यात आमचाच राहील, परवानगीची कटकट नको.

सर मंगलताईंकडे बघायला लागले. या वेळी त्यांनी आधी विचारलं.

मंगलताई म्हणाल्या, "मी त्या दिवशी वाजवलं, कारण मला वाजवायचं होतं. त्याचा सोहळा करायचा नाही मला. आणि विजय म्हणाल तर माझा मुलगा जिवंत घरी आला, तो मी घरी साजरा केला. कोलंबीचं तिखलं केलं होतं."

गृहस्थ हसले, चहा संपवला, गेले. पुढच्या मे महिन्यात चौथऱ्याची परवानगी आम्हाला मिळाली नाही. कारण सांगितलं गेलं डागडुजीचं. छत्रीभोवती निळे पत्रे लागले. ते अजून आहेत. त्या वर्षी आम्ही कुठेच वाजवलं नाही, आणि मला वाटलं होतं की संपलं. सर थकले होते. हट्टालाही वय असतं, असं मी स्वतःला समजावलं.

पण हट्टाला वय नसतं. असलं तर ते आपल्या वयाबरोबर वाढत नाही. या एप्रिलमध्ये लॅबमध्ये डबा खाताना मी हे सगळं माझ्या सहकारी वैशालीला सांगत होते. ती कोळ्यांची, राहायला कफ परेडच्या मच्छीमार नगरात. तिने बोंबलाचा काटा बाजूला काढला आणि म्हणाली, "मग आमच्याकडे या ना. समुद्राच्या कडेला जागा आहे. परवानगी माझा सासरा देतो. वास सहन करायची तयारी ठेवा फक्त."

म्हणून गेल्या शनिवारी आम्ही मच्छीमार नगरात होतो. चौथरा नाही, छत्री नाही. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, बाजूला ओढून ठेवलेल्या होड्या, त्यांच्यावर चढून बसलेली पोरं. बायका जाळी विणता विणता ऐकायला बसल्या, हातातलं काम न सोडता. खाऱ्या वाऱ्याने आमचे कागद चिमट्यांसकट उडवले, तेव्हा सर म्हणाले, "जाऊ दे. पाठ आहे." त्यांना आता उभं राहवत नाही, एका उलट्या टोपलीवर बसून ते हाताने इशारे देतात. मंगलताईंनी पेटी मांडीवर घेतली.

समोरच्या घरात टीव्ही चालू होता. दार उघडं, आवाज पूर्ण वर. पुन्हा कुठल्यातरी सीमेवर काहीतरी झालं होतं आणि पडद्यावरची माणसं एकमेकांवर ओरडत होती, आता सोडायचं नाही, आता दाखवून द्यायचं. त्या आवाजात सूर लावणं अशक्य होतं. आम्ही थांबलो. सरांनी हात खाली घेतला. कोणी त्या घराकडे बघेना, शेवटी आम्ही पाहुणे.

वैशालीचा सासरा होडीच्या कडेला टेकून बिडी ओढत होता. उघडा, खांद्यावर लाल रुमाल. तो आमच्याकडे बघत राहिला, मग त्या दाराकडे. बिडी वाळूत खुपसली, उठला, सावकाश चालत त्या घरात गेला. आतून कोणीतरी म्हणालं, "अरे, बातम्या चालू हान."

"कळल्या," तो म्हणाला.

टीव्ही बंद झाला. लाटांचा आवाज वर आला. म्हातारा दारात येऊन उभा राहिला आणि सरांना म्हणाला, "हां मास्तर. आता होऊ दे."